दोन शतांश

सातपूरच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं
मी दोन शतांश मिलिमीटरसाठी जॉब परत पाठवले,
आणि सिडकोतल्या माझ्याच घराचं मागचं दार
तेवढीच वर्षं फरशीला घासत राहिलं.
फरशीवर त्यानं कंपासनं काढावी तशी
पाव वर्तुळाची रेघ कोरली.
सुमन ती रोज पुसायची,
आज जाईल या आशेनं.

बागूल एजंट म्हणाला, काका, मजूर कशाला लावता,
तुमचा हात फिटरचा.
पंधरा हजारात घर उजळा, पुढचं मी बघतो.
गच्चीवरून पांडवलेण्याचा डोंगर दिसतो
हे जाहिरातीत टाकू म्हणाला.
दिसतो. पाण्याच्या टाकीवर चढलं तर.

त्रिमूर्ती चौकातून आणलं सामान:
पुट्टी, ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर,
टेफ्लॉन टेप, आणि सात रुपयांचा एक वायसर.

दार उतरवलं, रंधा मारला. चार मिलिमीटर.
चहा निवायच्या आत काम संपलं.
आता ते बोटानं ढकललं तरी मिटतं, बिनआवाजी.
मी दोनदा आत-बाहेर करून दाखवलं.
सुमन म्हणाली, छान.
पण तुम्ही आलात हे आता मला कळायचं कसं?

ओट्याखालच्या कपाटाला आतून रंग द्यायला वाकलो
तर झडपेवर तिच्या पेन्सिलीचे आकडे,
सिलिंडर लावल्याच्या तारखा, एकाखाली एक.
एकवीस दिवस. एकोणीस. (आईला दोन वेळा गरम पाणी लागायचं.)
मग सव्वीस. मग चाकणला नितीनची नोकरी, एकोणचाळीस.
शेवटचं सिलिंडर त्र्याहत्तर दिवस पुरलं.
आम्ही काटकसर कधी केली, आठवत नाही.
ब्रश डब्यात परत बुडवला
आणि झडपेची फक्त बाहेरची बाजू रंगवली.

मोरीमागचा नळ अकरा वर्षं ठिबकत होता.
वायसर बदलला, ठिबकणं थांबलं.
सहाव्या दिवशी खालचा अळू माना टाकून पडला.
आम्हाला वाटायचं, सुमनच्या हाताला गुण आहे.
रात्री ती झोपल्यावर
मी पाना घेऊन गेलो, आटा चतकोर सैल केला
आणि अंधारात उभा राहिलो.
एक थेंब.
बऱ्याच वेळानं दुसरा.

राहता राहिला हॉलचा पश्चिमेचा कोपरा.
तिथे पोपडे खरवडले, पुट्टीचे दोन हात, वर प्रायमर,
मग शेडकार्डावरचा तो रंग
ज्याला दुकानदार बदाम म्हणतो नि सुमन पिठलं.
भिंत इतकी गुळगुळीत झाली
की मला तिची जरा भीतीच वाटायला लागली.

रविवारी योजना गांगुर्डे आल्या, सिव्हिलमध्ये नर्स.
नवरा गाडी लावायची जागा मोजत बाहेरच राहिला.
त्या काही न बोलता घरभर फिरल्या
आणि बरोबर त्याच कोपऱ्याला तळहात लावला,
ताप बघावा तसा.
बागूल म्हणाला, नवाकोरा रंग आहे, मॅडम.
माझी जीभ माझ्याआधी बोलली:
श्रावणात ओल येते. इथून इथपर्यंत.
वरच्या स्लॅबला चीर आहे, मी दोनदा भरली, राहत नाही.

बागूल चपलांकडे बघत राहिला.
व्यवहार साठ हजारांनी उतरला
आणि तो चार दिवस माझा फोन उचलेना.
सुमन काही बोलली नाही.
फक्त संध्याकाळी, सीझन नसताना,
अळूवड्या केल्या.

चावी देताना योजनाताईंना सांगितलं,
मागचा नळ थोडा गळतो,
तो दुरुस्त करू नका.
त्या हसल्या. थट्टा वाटली असावी.

मग मागचं दार शेवटचं लावलं.
एकतीस वर्षांच्या सवयीनं
कडी धरून जरा वर उचलून ओढलं,
फरशीला घासू नये म्हणून,
तर ते वर चौकटीला लागलं.